सरकत्या बेटावर

ॲसाटीगच्या समुद्राकडच्या पुळणीवर चालताना पायाशी कालवांचे जुने शिंपले सापडतात. कालवे उसळत्या लाटांच्या वाळूत वाढत नाहीत. ती वाढतात बेटामागच्या शांत, मचूळ खाडीत. मग शिंपले पुढच्या बाजूला आले कसे? ते फारसे कुठे गेलेच नाहीत, बेटच त्यांच्यावरून पुढे निघून गेले. मोठ्या वादळानंतर इथली वाळू खरवडली जाते, तेव्हा खालून काळा, गवताच्या मुळांनी विणलेला चिखलाचा थरही डोके वर काढतो. तोही जुन्या खाडीकाठचाच.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत मिळून पसरलेली ही सुमारे ६० किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी आहे. वादळात लाटा टेकड्या फोडून पलीकडे जातात आणि समुद्राकडची वाळू खाडीच्या बाजूला पंख्यासारखी पसरवतात. पुढून झिजायचे, मागून वाढायचे. समुद्राची पातळी चढत असताना असे बेट टिकते ते कूस बदलत मुख्य भूमीकडे सरकते म्हणूनच. एका जागी खिळले, तर ते बुडण्याच्याच वाटेवर.

आणि त्याला खिळवायची तयारी झाली होती. १९५०च्या दशकात इथे सुमारे पाच हजार भूखंड पाडले, डांबरी रस्ता केला, त्याला ‘बाल्टिमोर बुलेव्हार्ड’ असे रुबाबदार नाव दिले. मार्च १९६२मध्ये आलेले वादळ लागोपाठ पाच भरत्या ठाण मांडून बसले आणि रस्त्यासकट सगळा बेत उधळला. १९६५ साली बेट राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखीव झाले. त्या रस्त्याच्या डांबराचे तुकडे टेकड्यांमधल्या पायवाटेवर आजही दिसतात. माझ्या मते बेटावरचे सर्वांत पाहण्याजोगे स्मारक तेच.

उत्तरेला, एका अरुंद सागरमुखापलीकडे, हॉटेलांनी गजबजलेले ओशन सिटी आहे. ते मुख १९३३च्या वादळाने फोडले. बोटींना वाट मिळाली म्हणून ते बुजू नये यासाठी लगेच दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले. पण या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ती बांधाला अडली, शहराची पुळण रुंदावली आणि खालच्या ॲसाटीगची उपासमार सुरू झाली. बेटाचे उत्तर टोक त्यानंतर अर्ध्या किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकले आहे. (कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या देवबागेत राहणाऱ्यांना वाळूचा हा हिशेब समजावून सांगायला नको.) म्हणून २००४पासून वर्षातून दोनदा गाळ काढणारे जहाज मुखाजवळची वाळू उचलते आणि बेटाच्या किनाऱ्यालगत सोडते. ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून आपण जे पाहायला जातो, त्याची वाळू अशी मापाने घालावी लागते.

मदत जास्त झाली तरी पंचाईतच. १९९८च्या वादळांनंतर बेट तुटू नये म्हणून उत्तर भागात वाळूचा बंधारा घातला. तो इतका पक्का ठरला की लाटा पलीकडे जाईनात, गवत माजले आणि पायपिंग प्लोव्हरची अडचण झाली. हा मूठभर आकाराचा, वाळूच्याच रंगाचा चिखल्या उघड्या, शिंपल्यांचे तुकडे विखुरलेल्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच स्वतःचे किडे स्वतः टिपू लागतात. त्यासाठी खाडीकाठच्या ओल्या वाळूपर्यंत त्यांना मोकळी वाट हवी. अखेर त्या बंधाऱ्यात मुद्दाम खाचा पाडाव्या लागल्या. विणीच्या हंगामात असे भाग माणसांना बंद असतात. पाटी दिसली की वळसा घालावा.

बेटावरच्या प्रसिद्ध रानघोड्यांची पोटे फुगलेली दिसतात. ते सुबत्तेचे लक्षण नव्हे. खाऱ्या गवतावर जगताना त्यांना भरमसाट पाणी प्यावे लागते. त्यांना खायला घालू नये, जवळही जाऊ नये. चावतात, लाथा मारतात. उन्हाळ्यात डास आणि गोचिड्या मात्र स्वतःहून जवळ येतात.

गाड्या उभ्या करण्याची जागासुद्धा इथे कायमची नाही. दक्षिणेकडच्या पुळणीलगतचा वाहनतळ शिंपल्यांचा चुरा पसरून केलेला आहे. वादळात तो वाहून गेला, की वाळू उपसून नवा चुरा टाकतात. त्यामुळे गेल्या खेपेला गाडी जिथे लावली, तिथेच ती पुढच्या खेपेला लावता येईल असे नाही.