घाम गेला की नुसतं पाणी पुरतं का? शरीरातले क्षार बिघडल्याचं कसं ओळखायचं?

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. आता भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या आसपास दाट वस्ती आणि छोटे कारखाने आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. त्याच्याबरोबर शरीरातलं मीठही जातं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्यामुळे उन्हाळ्यात शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा हिशोब माहीत असायलाच हवा.

इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय?
रक्तातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे क्षार. मेंदू, स्नायू आणि हृदय यांचं काम त्यांच्यावर चालतं. रक्तात सोडियम साधारण 135 ते 145 आणि पोटॅशियम 3.5 ते 5 (मिलीमोल प्रति लिटर) असावं लागतं.

बिघाड कसा ओळखायचा?
- सोडियम घटलं तर: डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, पुढे झटके
- पोटॅशियम घटलं तर: पायात गोळे, अशक्तपणा, धडधड
- पोटॅशियम वाढलं तर: कधीकधी काहीच जाणवत नाही आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात

आजी-आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले की 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियम घटलेलं असू शकतं. साध्या रक्त तपासणीत ते कळतं.

घरी काय करायचं?
जुलाब, उलट्या झाल्या किंवा खूप घाम गेला तर ओआरएस द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार 1 लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. ग्लुकोजमुळे आतड्यातून मीठ शोषलं जातं आणि त्यामागोमाग पाणी. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच हवा.

दुकानातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली.

कोणी जपायचं?
किडनीच्या रुग्णांनी नारळपाणी आणि 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. सलाइनही हट्टाने मागू नका. घटलेलं सोडियम घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर ते तपासून, हळूहळू वाढवतात.

दवाखाना कधी गाठायचा?
झटके, बेशुद्धी, बरळणं, अनियमित ठोके, बराच वेळ लघवी न होणं किंवा तापलेलं अंग, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. अंग तापलं असेल तर सावलीत नेऊन ओल्या कापडाने पुसत राहा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.