मृगातील हिरवी रेषा

माघ महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास समुद्रपूरच्या शिवारातून दक्षिणेकडे पाहिले असता मृग नक्षत्र आकाशात बरेच उंच चढलेले दिसते. मृगाच्या पोटातील बाणाखाली अंधूक ताऱ्यांची एक लहानशी ओळ आहे. तीत धुक्याच्या ठिपक्यासारखे जे दिसते, तो तारा नसून तेजोमेघ आहे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायू जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी प्रकाशतो.

डोळ्यांना तो राखी भासतो, कारण मंद उजेडात डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. कॅमेरा मात्र तासन्‌तास प्रकाश साठवू शकतो. अडचण एवढीच, की त्याबरोबर तो क्षितिजावरील हिंगणघाटच्या दिव्यांची आभाही साठवतो! यावरचा उपाय तेजोमेघाच्या स्वभावातच आहे. पांढऱ्या दिव्याचा उजेड वर्णपटात सर्वत्र पसरलेला असतो. विरळ वायू मात्र काही ठराविक रेषांतच प्रकाश देतो.

ही गोष्ट इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये दुसऱ्या एका तेजोमेघात प्रथम पाहिली. त्यातील ठळक हिरवी रेषा कोणत्याही परिचित मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर यांचे मत असे, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ही रेषा त्यांतील मॅग्नेशियमची. तसे असते, तर रेषेची एक कड पुसट दिसली पाहिजे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ च्या सुमारास मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. रेषा दोन्ही कडांनी रेखीव होती. लॉकियर यांचे नाव मोठे होते. पण पुराव्याने त्यांना साथ दिली नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले.

आज छायाचित्रकार कॅमेऱ्यापुढे जी काच बसवतात, ती अशी एखादीच रेषा आत सोडते. एका काचेतून हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा, दुसरीतून प्राणवायूची ५००.७ ची हिरवट, तिसरीतून गंधकाची सुमारे ६७२ ची गडद तांबडी. दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. तिन्ही चित्रे मुळात कृष्णधवल असतात. हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडे असल्याने खऱ्या रंगांत ते वेगळे ओळखू येणार नाहीत. म्हणून गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व प्राणवायूला निळा रंग देऊन ती चित्रे एकत्र करतात. यास फसवणूक म्हणणे योग्य नाही. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात, तसेच हे. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये घेतलेले गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांचे प्रसिद्ध चित्र याच रीतीने रंगविलेले आहे. त्यात जे हिरवे दिसते तो तांबडा हायड्रोजन होय. आणि पुण्यात पाहिलेली ती हिरवी रेषा तेथे निळी झालेली आहे.