पिंपावरील चिन्हामागचा कागद

सिन्नर तालुक्यातील माळेगाव आणि मुसळगाव येथील औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी आम्ले, द्रावक किंवा रंग हाताळणाऱ्या कामगारासाठी सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक, अर्थात रसायनाचे गुणधर्म, धोके आणि त्यांवरील उपाय नोंदवणारे पत्रक होय. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार त्याचे 16 विभाग असतात. सल्फ्युरिक आम्ल अंगावर उडाल्यास कोणते प्रथमोपचार करावेत हे चौथ्या विभागात, तर कोणते हातमोजे व चष्मा वापरावा हे आठव्या विभागात सापडते.

1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व परिसरातील रहिवाशांना देणे बंधनकारक झाले, आणि 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनी हे पत्रक व पिंपावरील लेबल यांची जबाबदारी निश्चित केली. राज्यात कारखान्यांतील सुरक्षेवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय देखरेख ठेवते.

तथापि कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असलेले इंग्रजी पत्रक कायद्याचा हेतू साधत नाही. ते कामाच्या जागी, कामगाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, कारण आम्ल डोळ्यांत गेल्यावर कागद शोधायला वेळ उरत नाही. ही माहिती मागणे हा कामगाराचा हक्क आहे आणि त्याने तो निःसंकोच बजावावा.