मातीचे बळ आणि वसईचे गाळे

काळ्या मातीचे शेत उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाचे पाणी पडताच फुगून येते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले, की माती फुगते. पाण्याऐवजी तेथे नायलॉन शिरविता आले तर काय होईल, हा प्रश्न जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी 1980 नंतरच्या दशकात हाती घेतला. उत्तर विस्मयकारक होते. वजनाच्या पाच टक्क्यांहूनही कमी मातीने नायलॉनची ताण सोसण्याची शक्ती सुमारे दीडपट झाली. भाराखाली ते ज्या तापमानाला वाकू लागते, ते सुमारे 65 अंश सेल्सियसवरून 150 अंशांच्या आसपास पोहोचले. पुढे मोटारीच्या इंजिनातील पट्ट्याचे झाकणही त्यापासून बनू लागले.

यात जादू नाही. प्रत्येक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, जाडीचा असतो. एक ग्रॅम मातीचे सारे पापुद्रे सुटे झाले, तर त्यांचा पृष्ठभाग सुमारे 700 चौरस मीटर भरतो. एवढ्या पृष्ठभागाला बिलगलेले प्लास्टिक बळकट होते. आडव्या पापुद्र्यांमुळे हवेलाही वळसे घेत जावे लागते. म्हणून असे वेष्टन अन्न अधिक काळ टिकविते. मातीऐवजी कार्बनच्या सूक्ष्म नळ्या मिसळल्या, तर तेच प्लास्टिक वीजवाहक बनते. एकाच पदार्थात अनेक गुण आणणारे हे नॅनोसंमिश्र होय.

वास्तविक या विषयाची चर्चा वसईत व्हावयास हवी. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत प्लास्टिकच्या वस्तू घडविणारी यंत्रे चालतात. आमचे काही विद्यार्थी सकाळचे तास संपवून तेथेच कामाला जातात. दाणा बाजारातून घ्यावयाचा, साचा गिऱ्हाइकाचा आणि भावासाठी चढाओढ शेजारच्या गाळ्याशी! अशा धंद्यात नफा पैशांत मोजावा लागतो आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडते. उत्पादनात गुणांची भर पडल्याखेरीज वेतनात भर पडत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा धडा आहे.

ही भर घालण्यासाठी सारी यंत्रे बदलावी लागतात असेही नाही. रंगाचा मास्टरबॅच दाण्यात मिसळतात, तसा मातीचाही मिसळता येतो. अडचण निराळीच आहे. माती पाण्याची सोयरी, तर बहुतेक प्लास्टिक तेलाच्या गोत्रातले. मातीवर योग्य रासायनिक प्रक्रिया झाली नाही, तर तिच्या गुठळ्या राहतात आणि वस्तू बळकट होण्याऐवजी ठिसूळ होते. नीट मिसळणारे यंत्र व कसोटी घेणारी प्रयोगशाळा एकट्या गाळेवाल्याच्या आवाक्याबाहेरची आहे. शंभर जणांच्या नाही. लघुउद्योग समूहांच्या सामाईक सुविधा केंद्रांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था लोकलने फार दूर नाही. बेंटोनाइट ही याच खनिजाची माती शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये, विपुल सापडते. माती आहे, विद्या आहे, हातही आहेत. उणीव आहे ती जोडणाऱ्याची.

प्लास्टिकचे कौतुक कशाला, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो गैर नाही. महाराष्ट्राने 2018 मध्ये आणि केंद्राने 2022 मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, ती सकारणच. मिसळलेले पदार्थ पुन्हा वेगळे करणे अवघड असते आणि सूक्ष्म भुकटी कामगाराच्या श्वासात जाता कामा नये. म्हणून हे तंत्र वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूंसाठीच वापरावे आणि सामाईक केंद्रात कामगाराच्या संरक्षणाची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.

मूठभर मातीने प्लास्टिक बदलते, पण ती सर्वत्र सारखी पसरली तरच. विद्येचेही तसेच आहे. संस्थांमध्ये तिच्या गुठळ्या राहिल्या, तर गाळ्यातल्या पोराच्या पगारात एका रुपयाचीही भर पडणार नाही. पुढाकार कोणी घ्यावयाचा, हे उद्योजकांच्या संघटनांनी, महापालिकेने आणि आम्हां महाविद्यालयांनी एकत्र बसून ठरवावे.