पक्षाघात : लेखांक ६ – पांढऱ्या पेशी मेंदूत शिरतात तेव्हा

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं किंवा कॅथेटरने ती ओढून काढली, तर रक्त पुन्हा वाहू लागतं. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण त्या रक्ताबरोबर पांढऱ्या पेशीही येतात आणि पेशंट किती सावरेल यात पुढचे काही दिवस त्यांचा मोठा हात असतो.

सुरुवात मेंदूत कायम मुक्कामाला असलेल्या मायक्रोग्लिया करतात. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या आपले बारीक फाटे हलवत भोवतालची चाचपणी करत असतात. रक्तपुरवठा तुटला की फाटे आखडतात आणि त्या इशारा देणारी रसायनं सोडू लागतात. मग रक्तवाहिनीच्या अस्तरावर चिकट रेणू उगवतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना धरून थांबतात. पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी सर्वाधिक असते. त्यांची विकरं रक्तवाहिनीच्या भिंतीचा आधारच पोखरतात. त्यातून सूज वाढते, कधी रक्तस्रावही होतो. शिवाय न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जाळं विणतात. पेशंटच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्यांमध्ये हे जाळं सापडलं आहे, आणि अशी गुठळी इंजेक्शनला सहजी दाद देत नाही.

मग न्यूट्रोफिलना दारातच अडवावं, हा विचार सुचणं स्वाभाविक होतं. एनलिमोमॅब हे उंदराच्या प्रतिपिंडापासून बनवलेलं औषध तेच करणार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी आशा लावली होती. ६२५ पेशंटवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले: औषध मिळालेल्यांपैकी २२.२ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६.२ टक्के. ताप आणि जंतुसंसर्गही औषधाच्या गटातच जास्त. परक्या प्रजातीचं प्रथिन पाहून माणसाचं शरीर उलट चवताळलं असावं, असं मानलं जातं. पुढे नॅटॅलिझुमॅब या औषधाने टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची वाट रोखून पाहिली. तिथेही पेशंटच्या हालचालीत सुधारणा झाली नाही.

माझ्या मते या पेशींना सरसकट शत्रू मानणंच चुकीचं आहे. पुढच्या दिवसांत मृत ऊतींचा निचरा करतात त्या मॅक्रोफेज, म्हणजे याच प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी उंदरांतून काढून टाकल्या तेव्हा मेंदूतली इजा वाढत गेली, हे हायडेलबर्गच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. कोणती पेशी, कितव्या दिवशी, हे पाहिल्याशिवाय औषध देणं धोक्याचं आहे.

आणि मेंदूत दाह पेटलेला असताना बाकी शरीराची प्रतिकारशक्ती मात्र खचते. बर्लिनच्या संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांत हे उलगडलं. पक्षाघातानंतर ताणाची संप्रेरकं उसळतात, प्लीहेतल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मरतात आणि फुप्फुसात जंतू वाढतात. या संप्रेरकांचा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या उंदरांना या जंतुसंसर्गापासून संरक्षण मिळालं. माणसांत न्यूमोनिया याच काळात गाठतो. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांवर पेशंटना घेऊन आधीच अँटिबायोटिक देऊन पाहिलं. जंतुसंसर्ग घटला, पण पेशंटच्या अपंगत्वात फरक पडला नाही (२०१५).

म्हणून गिळण्याच्या तपासणीला इतकं महत्त्व आहे. नर्स पेशंटला बसतं करून चमचाभर पाणी देते आणि ठसका लागतो का, आवाज घोगरा किंवा ओलसर होतो का, हे पाहते. ही तपासणी होईपर्यंत घरच्यांनी प्रेमापोटीही पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नये. घास चुकून श्वासनलिकेत गेला, तर त्यातल्या जंतूंना रोखण्याची पुरेशी ताकद त्या दिवसांत फुप्फुसात नसते.

पुढच्या लेखात कवटीच्या हाडातल्या मज्जेकडे वळू. पक्षाघातानंतर मेंदूत येणाऱ्या न्यूट्रोफिलपैकी बरेच तिथून, हाडातल्या सूक्ष्म वाटांनी थेट उतरतात, असं २०१८ मध्ये उंदरांत आढळलं आहे.