लिकाउल्लाह

लिकाउल्लाह म्हणजे अल्लाहची भेट. मृत्यूनंतर प्रत्येक मनुष्य पुन्हा उठवला जाईल आणि आपल्या निर्मात्यासमोर उभा राहील, ही इस्लाम धर्मातील एक मूलभूत श्रद्धा आहे. ही भेट होणार याविषयी मुस्लिम पंथांत एकमत आहे. मात्र त्या भेटीत अल्लाह प्रत्यक्ष डोळ्यांना दिसेल की नाही, या प्रश्नावर इस्लामी धर्मशास्त्रात दीर्घकाळ वाद झाला. अल्लाहच्या दर्शनास 'रुयतुल्लाह' अशी स्वतंत्र संज्ञा आहे.

शब्दार्थ

'लिका' या अरबी शब्दाचा अर्थ भेट किंवा समोरासमोर येणे असा आहे. मराठीत फारसीमार्गे रूढ झालेला 'मुलाखत' (मूळ 'मुलाकात') हा शब्द याच धातूपासून बनला आहे. प्रचलित इस्लामी मतानुसार ही भेट म्हणजे ईश्वरात विलीन होणे नव्हे. निर्माता आणि निर्मित यांतील भेद परलोकातही कायम राहतो. त्यामुळे मराठी संतसाहित्यातून परिचित असलेल्या सायुज्य मुक्तीच्या कल्पनेहून ही कल्पना भिन्न ठरते.

कुराणातील उल्लेख

कुराणात या भेटीचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. सूरा अल्-इन्शिकाकमध्ये (८४:६) सर्व मानवजातीला उद्देशून सांगितले आहे की, मनुष्य कष्ट करीत आपल्या पालनकर्त्याकडेच चालला आहे आणि त्याला भेटणार आहे. म्हणजेच ही भेट केवळ श्रद्धावंतांपुरती मर्यादित नाही. सूरा अल्-कहफच्या अखेरच्या आयतीत (१८:११०) भेटीची आशा बाळगणाऱ्यासाठी दोन अटी दिल्या आहेत: सत्कर्म करणे आणि अल्लाहच्या उपासनेत दुसऱ्या कोणालाही भागीदार न करणे. ही भेट नाकारणारे तोट्यात राहतील, असे सूरा यूनुसमध्ये (१०:४५) म्हटले आहे. अशा रीतीने या एकाच शब्दात कर्मांचा हिशेब देण्याचे भय आणि कृपेची आशा हे दोन्ही भाव सामावलेले आहेत.

हदीसमधील विवेचन

प्रेषित मुहम्मद यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, ज्याला अल्लाहची भेट प्रिय असते, त्याची भेट अल्लाहलाही प्रिय असते. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातील कथनानुसार, हे ऐकून प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांनी शंका विचारली की, मृत्यू तर आपणा सर्वांनाच नकोसा वाटतो, मग याचा अर्थ काय? त्यावर प्रेषितांनी खुलासा केला की, येथे मृत्यूची स्वाभाविक भीती अभिप्रेत नाही. श्रद्धावंताला अंतसमयी अल्लाहच्या कृपेची वार्ता मिळते आणि तेव्हा त्याला पुढच्या भेटीची ओढ लागते. त्यामुळे मृत्यूची भीती वाटणे हे श्रद्धा उणी असल्याचे लक्षण मानले जात नाही.

रोजा ठेवणाऱ्याला दोन आनंद लाभतात, एक रोजा सोडताना आणि दुसरा आपल्या पालनकर्त्याला भेटताना, असा आशयही हदीसमध्ये येतो.

दर्शनाविषयीचा वाद

सूरा अल्-कियामात (७५:२२-२३) त्या दिवशी काही चेहरे तेजस्वी असतील व आपल्या पालनकर्त्याकडे पाहत असतील, असे वर्णन आहे. याउलट, दृष्टी त्याला आकळू शकत नाही, असे सूरा अल्-अनआममध्ये (६:१०३) म्हटले आहे. मूसा यांनी दर्शनाची याचना केली असता ती मान्य झाली नाही, ही कथा सूरा अल्-आराफमध्ये (७:१४३) आहे.

मुतझिला पंथाने दर्शन अशक्य मानले. पाहण्यासाठी वस्तूला दिशा, अंतर आणि आकार असावा लागतो. अल्लाहला यांपैकी काहीही लागू होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 'पाहणे' याचा अर्थ त्यांनी 'कृपेची वाट पाहणे' असा लावला. शिया इमामी आणि इबादी पंथही डोळ्यांनी होणारे दर्शन नाकारतात. शिया परंपरेत अल्लाहची ओळख अंतःकरणाला श्रद्धेच्या बळावर होते, असे मानले जाते.

सुन्नी पंथाने मात्र परलोकातील दर्शन सत्य मानले. पौर्णिमेचा चंद्र जसा सर्वांना विनासायास दिसतो तसा पालनकर्ता दिसेल, या आशयाची हदीस त्यांना आधारभूत वाटते. अबुल हसन अल्-अशअरी (मृत्यू सुमारे ९३६) यांनी प्रतिपादन केले की, जे अस्तित्वात आहे ते दिसू शकते. दर्शन अशक्य असते, तर मूसांसारख्या प्रेषिताने ते मागितलेच नसते. 'पाहणे' आणि 'पूर्णतः आकळणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा भेदही सुन्नी विद्वानांनी केला. दर्शन कसे घडेल याची चिकित्सा मात्र त्यांनी टाळली.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही. मुतझिला मतांना राजाश्रय देणाऱ्या अब्बासी खलिफा अल्-वासिकच्या काळात बगदादच्या अहमद इब्न नस्र अल्-खुझाई यांच्यावर बंडाचा आरोप ठेवण्यात आला. इतिहासकार अत्-तबरी यांच्या नोंदीनुसार, चौकशीत त्यांना कुराण निर्मित आहे काय आणि कयामतीच्या दिवशी अल्लाह दिसेल काय, हे प्रश्न विचारले गेले. खलिफाला मान्य होणारी उत्तरे त्यांनी दिली नाहीत. ८४६ मध्ये त्यांना देहदंड देण्यात आला.

सूफी परंपरा

सूफींनी या श्रद्धेतील प्रेमभावावर भर दिला. बसरा येथील राबिया अल्-अदविया (आठवे शतक) यांच्या नावे प्रचलित असलेल्या वचनांत, नरकाच्या भीतीने वा स्वर्गाच्या लोभाने नव्हे, तर केवळ अल्लाहसाठी उपासना करावी, असा विचार आढळतो. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या मते इहलोकी मिळवलेले ईश्वरज्ञानच परलोकात दर्शनरूपाने पूर्णत्वास जाते. म्हणून ज्याने येथे ओळख करून घेतली नाही, त्याला तेथे दर्शनाचा आनंद नाही.

सूफी संतांच्या पुण्यतिथीस 'उर्स' म्हणतात. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा आहे; संताचा मृत्यू म्हणजे त्याचे प्रियतमाशी मीलन, ही त्यामागील कल्पना होय. कोन्या येथील जलालुद्दीन रूमी यांची १७ डिसेंबर १२७३ ही मृत्युतिथी 'मीलनाची रात्र' म्हणून पाळली जाते. महाराष्ट्रातील दर्ग्यांमध्ये भरणारा 'उरूस' हे याच शब्दाचे मराठी रूप आहे.