चवडीला भिंत लागली की…

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागणाऱ्या वळसंगात कुणाच्या घरी जेवायला बसलं, की शेंगाचटणीबरोबर कडक भाकऱ्यांची चवड समोर येते. पापडासारख्या पातळ, एकीवर एक. काही रेणूंनाही अशीच चवड लावायची सवय असते. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी ती १९७७ साली दाखवून दिली. तोवर द्रवस्फटिक, म्हणजे वाहता असूनही रेणूंची शिस्त राखणारा पदार्थ, म्हटलं की काडीसारखे लांबट रेणूच डोळ्यांसमोर येत. हे होते चकतीसारखे.

अशा रेणूच्या मधोमध कार्बनच्या कड्यांची सपाट चकती असते आणि कडेनं लवचिक साखळ्यांची झालर. चवडीत दोन चकत्यांमध्ये जेमतेम ०.३५ नॅनोमीटर अंतर उरतं, त्यामुळे विद्युतभार एकीवरून दुसरीवर सहज सरकतो. शेजारच्या चवडीत जायला मात्र झालर आडवी येते. म्हणून चवड उभी की आडवी, यावर सगळं अवलंबून. दोन काचांमध्ये पदार्थ वितळवून सावकाश थंड केला, तर चकत्या काचेवर सपाट निजतात आणि चवडी उभ्या राहतात. सौरघटाला हेच हवं असतं. वरची काच नसेल, तर पुष्कळदा चकत्या कडेवर उभ्या राहतात आणि चवडी आडव्या पडतात.

आणि केसाहून शेकडो पटींनी बारीक, नळीसारख्या छिद्रात हे रेणू भरले तर? चवड छिद्रातून सरळ जाईल आणि आयती तार मिळेल, असं कुणालाही वाटेल. हॅम्बुर्गच्या पॅट्रिक ह्यूबर यांच्या गटानं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र चवडी वाकून चक्क कडी झाल्या होत्या, बांगडीत बांगडी बसवावी तशा. गोल डब्याच्या आत कडेकडेनं भाकऱ्या उभ्या लावत जा, प्रत्येकीचं तोंड पुढचीकडे. फिरून पहिलीशीच याल. तसंच हे.

मला सर्वांत भावतो तो या कड्यांचा क्रम. पदार्थ थंड होताना पहिलं कडं भिंतीलगत जुळतं, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. प्रकाशाच्या मोजमापात ही वाढ सलग चढत नाही, तिला पायऱ्या पडतात: एक कडं, एक पायरी. आतलं कडं लहान, म्हणून चवडीला जास्त वाकावं लागतं. केंद्राजवळचं सर्वांत शेवटी जमतं.

तार करू पाहणाऱ्याची इथे अडचण होते, कारण भार छिद्रातून पार जाण्याऐवजी गोल फिरत राहणार. म्हणून आता भिंतीकडेच लक्ष वळलं आहे. तिच्यावर वेगळ्या रसायनाचा एक रेणूभर जाडीचा थर चढवला, की चकत्या तिला कडेनं टेकायच्या त्या पाठ लावून बसू लागतात.